चार बोटे दारू, पावणेतीन तोळे शिसे

इंग्रजी शिकारकथा वर्गात वाचताना एक शब्द हमखास अडतो. सॅम्युअल बेकर या इंग्रजाचे 'द रायफल अँड द हाउंड इन सिलोन' हे पुस्तक १८५० च्या दशकात प्रसिद्ध झाले. त्यात पानोपानी 'एल्क'ची शिकार आहे. विद्यार्थी कोश उघडतो, तर कोश त्याला उत्तर युरोपातील बर्फाळ जंगलांकडे घेऊन जातो. तो अमेरिकी पुस्तक उघडतो, तर तिथे एल्क म्हणजे 'वापिटी' हे आणखी निराळे हरीण निघते. सिलोनात या दोहोंपैकी एकही प्राणी कधी नव्हता. बेकरचा एल्क म्हणजे आपले सांबर. खुद्द ब्रिटनमधून खरा एल्क हजारो वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. मागे उरला होता तो शब्द, आणि त्याचा अर्थ 'कोणतेही मोठे हरीण' इतका सैल झाला होता. साहेब जिथे गेला तिथे त्याने तिथल्या थोरल्या हरणाला हे रिकामे नाव देऊन टाकले. दक्षिण हिंदुस्थानातले शिकारीही सांबराला कधी कधी एल्कच म्हणत.

नाव चुकले तरी गोळी चुकून चालत नाही. सांबराचा पूर्ण वाढलेला नर सव्वादोनशे ते तीनशे किलोंपर्यंत भरतो. त्याची कातडी जाड, हाडे भक्कम, आणि जखम घेऊनही पळत राहण्याची ताकद मोठी. ठासणीच्या बंदुकीत एका वेळी, एका नळीत, एकच बार. तो वाया गेला की पुन्हा भरायला बराच वेळ लागणार. तेव्हा गोळी केवढी घ्यावी आणि तिच्यामागे दारू किती घालावी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या शिकाऱ्याला रोजचा होता. वरवर हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचा नव्हे. आम्हांलाही तो आमचा वाटला नव्हता. तो आमच्यापुढे आला हिंगोलीमुळे.

*

हिंगोली हा जिल्हा म्हणून तरुण आहे. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. साहित्याचा विद्यार्थी त्याला नर्सीच्या नामदेवांमुळे आणि औंढ्याच्या नागनाथामुळे ओळखतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदपत्रांत हिंगोली येते ती छावणीचे गाव म्हणून. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी जी फौज पुढे 'हैदराबाद कंटिन्जंट' म्हणून ओळखली गेली, तिच्या छावण्या बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, एलिचपूर आणि हिंगोली येथे होत्या. १८५३ च्या तहाने याच फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली.

छावणीच्या उत्तरेला पैनगंगा. नदीच्या दोन्ही अंगांना डोंगर आणि झाडी. कवायतीतून मोकळ्या झालेल्या इंग्रज अधिकाऱ्याला इथे शिकारीखेरीज दुसरी करमणूक फारशी नव्हती. या फौजेत नोकरी केलेल्या आर. जी. बर्टन यांनी १९०५ मध्ये कंटिन्जंटचा इतिहास लिहिला आणि १९२८ मध्ये दख्खनमधल्या शिकारीवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. एकाच लेखणीतून फौजेचा इतिहास आणि शिकारीच्या आठवणी उतराव्यात, हा योगायोग नव्हे. बंदूक दोन्हीकडे तीच होती.

आणि तीच बंदूक समोरच्या बाजूलाही होती. जानेवारी १८१९ मध्ये हदगावच्या बाजूला असलेल्या नव्हा या गढीला निजामाच्या फौजेने मेजर पिटमनच्या नेतृत्वाखाली वेढा घातला. आत नौसाजी नाईक या हटकर सरदाराचे लोक आणि अरब शिबंदी होती. या वेढ्याची आठवण 'नोवा' या लढाई-सन्मानाच्या रूपाने हैदराबादी पलटणींच्या निशाणांवर राहिली. तिथे लढणाऱ्यांच्या हातात तोड्याच्या बंदुका होत्या. त्या बंदुका कशा भरायच्या हे ते कुठल्या पुस्तकात वाचून शिकले नव्हते.

*

बंदूक कशी भरत, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा बोळा, मग गोळी, आणि हे सारे लोखंडी किंवा लाकडी गजाने तळापर्यंत ठासायचे. नळीच्या मागच्या टोकाला एक बारीक भोक असते, तो बंदुकीचा कान. कानापाशी चिमूटभर बारीक दारू ठेवायची, तिचे नाव रंजक. रंजकेला पेटती जामगी लावली की ज्वाळा कानातून आत जाते आणि बार उडतो. जामगीच्या जागी पुढे चकमक आली आणि चकमकीच्या जागी टोपी. टोपीच्या मुळाशी असलेली युक्ती अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याची. रंजकेची ज्वाळा पाहून पाखरे बार पोहोचण्याआधीच उडून जात, या वैतागातून ती निघाली आणि १८०७ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले.

ही परिभाषा आज मेली आहे असे म्हणावे, तर ती आपण रोज बोलतो. एखादी गोष्ट आपण 'ठासून' सांगतो, सभागृह 'ठासून' भरते. रंजक पेटली पण बार उडाला नाही, किंवा उडाला तो नुसता धुराचा, म्हणजे 'फुसका बार'. मुलीच्या लग्नाचा 'बार उडवून' बाप मोकळा होतो. 'बत्ती देणे' आपण भांडणालाही देतो. 'रंजक' या शब्दाला मोल्सवर्थच्या कोशात बंदुकीचा अर्थ आहे. आज मात्र तो शब्द उच्चारताच आपल्याला फक्त मनोरंजन आठवते, आणि ते संस्कृतातले 'रंजक' अगदी वेगळे आहे. वस्तू गेली, विद्या गेली, वाक्प्रचार राहिले. या लेखात आम्ही जो प्रश्न मांडू पाहतो त्याचे हे पहिले टोक आहे.

*

आता गोळी. इंग्रज शिकारी बंदुकीचा आकार 'बोअर'मध्ये सांगत. त्यामागचा हिशोब सोपा आहे. एक रतल शिशाच्या जितक्या समान गोल गोळ्या पाडल्या असता एक गोळी नळीत चपखल बसेल, तितका त्या बंदुकीचा बोअर. म्हणून आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. बारा बोअरची गोळी रतलाच्या बाराव्या हिश्श्याची, चार बोअरची चौथ्या हिश्श्याची. बेकरने हत्तीसाठी चार बोअरच्या जवळपासची राक्षसी बंदूक वापरली होती. सांबराला तिची गरज नव्हती.

सांबरासारख्या जनावरासाठी काय हवे, याचा सर्वांत पद्धतशीर विचार केला तो जेम्स फॉर्सिथ याने. हा वर उल्लेखिलेला पाद्री नव्हे; हा बंगाल स्टाफ कोअरचा अधिकारी, मध्य प्रांतात नोकरीला होता. १८६३ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याने 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' हे पुस्तक लिहिले. त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १८७१ मध्ये निघालेले 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' आजही सातपुड्याच्या वर्णनासाठी वाचले जाते. पहिले पुस्तक मात्र आता बंदुकीच्या शौकिनांखेरीज कोणी उघडत नाही.

त्या काळी नवे वारे लांबट गोळीचे होते. सैन्यात एनफिल्ड रायफल आली होती. तिची लांबट गोळी गोल गोळीपेक्षा कितीतरी दूर आणि नेमकी जाई. मग शिकाऱ्याने जुनी गोल गोळी का धरून बसावे? फॉर्सिथचे उत्तर असे. लढाईत शत्रू पाचशे यार्डांवर असेल. जंगलात सांबर दीडशे यार्डांच्या आतच दिसते, तेही झाडोऱ्यात, क्षणभर, आणि अंतराचा अदमास घ्यायला सवड नसताना. जड, लांबट गोळी सावकाश निघते, म्हणून तिचा मार्ग कमानीसारखा वाकतो. अंतर ओळखण्यात तीस यार्डांची चूक झाली तरी ती जनावराच्या पाठीवरून किंवा पोटाखालून जाते, किंवा अधिक वाईट म्हणजे, पायात बसते. गोल गोळी हलकी. तिच्यामागे भरपूर दारू घातली तर पहिल्या दीडशे यार्डांत ती जवळपास सरळ रेषेत धावते. नंतर हवेच्या विरोधाने तिचा वेग झपाट्याने घटतो खरा, पण त्या पल्ल्याशी शिकाऱ्याला कर्तव्यच नाही.

यात अडचण एक होती. रायफलीच्या नळीत आटे असतात, ते गोळीला गिरकी देतात. आटे घट्ट पिळाचे असतील आणि दारू जास्त असेल, तर गोळी आट्यांना न जुमानता त्यांवरून घसरत बाहेर पडते. गिरकी नाही, म्हणून नेमही नाही. फॉर्सिथने तोड काढली ती पीळ सैल करण्याची. चौदा बोअरच्या नळीत १०४ इंचांत एक फेरा, आणि दारू पाच ड्रॅम.

हे आकडे आपल्या मापांत बसवून पाहिले तेव्हा आम्हांला ते प्रथमच कळले. चौदा बोअरची गोळी सुमारे पावणेतीन तोळ्यांची. पाच ड्रॅम दारू म्हणजे सुमारे नऊ मासे. सैन्याच्या एनफिल्डमध्ये याउलट जवळपास तीन तोळ्यांच्या गोळीमागे दारू अवघी साडेचार मासे. म्हणजे वजन जवळपास तेच, पण शिकाऱ्याची दारू शिपायाच्या दुप्पट. सोनाराच्या काट्यावरचा हा फरक. सांबर जागीच पडणार की जखमी होऊन तीन दिवस रानात मरत राहणार, ते त्यावर ठरणार.

शिशाचाही प्रश्न होता. मऊ शिसे हाडावर आपटले की चपटे होते आणि आत खोल जात नाही. म्हणून मोठ्या जनावरासाठी शिशात कथील किंवा पारा मिसळून गोळी कठीण करीत. फार कठीण केली तर ती आरपार निघून जाते आणि धक्का कमी बसतो. दोन्हींच्या मधले माप शोधणे हीच खरी विद्या.

*

पैनगंगेच्या काठच्या देशी शिकाऱ्याचे माप याहून निराळे होते, आणि ते बोटांत होते. दारू आणि गोळी ठासून झाली की गज आत सोडून पाहायचा. रिकाम्या नळीत तो जेवढा आत जातो त्यापेक्षा आता किती बोटे बाहेर राहिला, ते मोजायचे. चार बोटे बार, पाच बोटे बार. इंग्रज शिकारी या पद्धतीला हसत. तोलून-मापून भरणाऱ्याला हे अडाणीपणाचे वाटणारच.

परंतु बोटांच्या मागे काय होते हे पाहिले पाहिजे. गावठी दारूचा शोरा जुन्या भिंतींच्या आणि गोठ्यांच्या खाऱ्या मातीतून काढीत. तो पुरता शुद्ध नसे; त्यात मीठ राही, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेई. कोळसा हलक्या काड्यांचा, तुराट्यांचा, रुईचा किंवा अडुळशाचा करीत. प्रमाण सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच: शंभरात पाऊणशे शोरा, उरलेल्यात कोळसा अधिक आणि गंधक कमी. पण दारूचा जोर प्रमाणाइतकाच शोऱ्याच्या शुद्धतेवर आणि दाण्यांच्या आकारावर अवलंबून असतो. अशी दारू सावकाश जळते, आणि पावसाळ्यात आणखी सावकाश. तिला चार बोटे लागतात. देशी बंदुकीची नळीही लांब असे, म्हणजे सावकाश जळणाऱ्या दारूला काम करायला वाव मिळे. दारू, नळी आणि माप ही तिन्ही एकमेकांना धरून होती.

त्याच शिकाऱ्याच्या हाती छावणीतली इंग्रजी दारू पडली आणि त्याने सवयीने चार बोटे भरली तर? नळी फुटणार, आणि नळीबरोबर डावा हातही जाणार. माप चुकीचे नव्हते. ते दुसऱ्या दारूचे होते. आम्हांला वाटते की परक्या ज्ञानव्यवस्थेतून आयते घेतलेल्या सिद्धान्तांबद्दल आपल्या समीक्षेत जे वाद चालतात, त्यांत हे उदाहरण कधीतरी ठेवून पाहावे.

देशी शिकारी लांबून नेम धरण्याच्या भानगडीतही पडत नसे. तो पाणवठ्यावर, मचाणावर किंवा खड्ड्यात रात्रभर बसे आणि जनावर अगदी जवळ आल्यावर बार टाकी. शिसे महाग, म्हणून प्रसंगी लोखंडाचे तुकडेही भरी. त्याची सारी अक्कल दारूऐवजी वाऱ्याची दिशा आणि पायवाटा ओळखण्यात खर्च होई. साहेबाच्या पुस्तकांत तोच पुढे चालणारा 'शिकारी' म्हणून येतो. माग तो काढतो, जनावर तो दाखवतो, मोठा झाल्यावर बार साहेब टाकतो. बहुतेक वेळा त्याला नाव नसते. असले तर आडनाव नसते. आणि तो स्वतःच्या बंदुकीने स्वतःसाठी सांबर मारतो तेव्हा त्याच पुस्तकात तो 'रान ओसाड करणारा' ठरतो.

*

ठासणीच्या बंदुकीत गोळीभोवती किंवा काडतुसाला लावायची चरबी, ही तर साधी बाब. ती वंगणासाठी असते. गोळी नळीत सहज उतरावी, आटे घाण होऊ नयेत. पण १८५७ च्या जानेवारीत याच साध्या बाबीने इतिहासाचा बार पेटवला. काडतुसाच्या कागदावर गाईची आणि डुकराची चरबी असल्याची बातमी डमडमपासून पसरली. सरकारने घाईने सवलत दिली, की शिपायांनी आपापले वंगण बाजारातून घ्यावे, तेल किंवा मेण लावावे. उशीर झाला होता. निजामाच्या मुलखातही त्या जूनमध्ये औरंगाबादचे कंटिन्जंटचे घोडदळ बिघडले. जुलैत तुर्रेबाजखान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चाल केली. आणि त्याच कंटिन्जंटच्या दुसऱ्या पलटणी १८५८ मध्ये सर ह्यू रोजबरोबर झाशीकडे गेल्या. काडतुसाचे वंगण काय असावे हा तांत्रिक प्रश्न आहे असे ज्यांनी मानले, त्यांना तो तांत्रिक नव्हता हे फार मोठी किंमत देऊन कळले.

*

मराठी गद्याला ही विद्या परकी होती असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र आपण पदव्युत्तर वर्गात राजनीतीचा ग्रंथ म्हणून शिकवतो. त्यातले दुर्गप्रकरण पुन्हा वाचावे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू कशात आणि कशी ठेवावी, ठराविक दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे, असा बारीक तपशील तिथे आहे. ज्याने दमट दारूचा फुसका बार पाहिला आहे त्याच्याच हातून असे लिहिले जाते. अठराव्या शतकाच्या आरंभी मराठी गद्य दारूला ऊन देण्याविषयी अधिकाराने बोलू शकत होते.

पुढे हा आवाज विरळ झाला. इंग्रजी मुलखात १८७८ च्या कायद्याने हत्यार परवान्याखाली गेले. निजामाच्या मुलखात कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. मराठी बोलणारा शिकारी लिहिणारा नव्हता, आणि मराठी लिहिणारा वर्ग बहुतांशी शिकार करणारा नव्हता. विसाव्या शतकात व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी मराठीला रान दिले, हे ऋण मोठे आहे. पण तोवर ठासणीच्या बंदुकीचे दिवस संपले होते. फॉर्सिथचे पुस्तक आल्यानंतर काही वर्षांतच मागून भरायच्या बंदुका आल्या. दारू, गोळी आणि टोपी एकाच काडतुसात बंद झाली, आणि माप ठरवण्याचे काम शिकाऱ्याच्या हातून कारखान्याकडे गेले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की मराठवाड्याच्या इतिहासासाठी शिकारीची इंग्रजी पुस्तके वाचताना त्यांतले रोमांच वगळून मापे वाचावीत. किती ड्रॅम, किती अंतर, माग कोणी काढला, गोळी चुकली तर दोष कोणावर ठेवला. निनावी माणसे या तपशिलांतच दडलेली आहेत. आणि 'एल्क'चे भाषांतर करताना आधी लेखक कुठे उभा आहे ते पाहावे.

*

अमेरिकेतल्या काही राज्यांत आजही ठासणीच्या बंदुकीने एल्क मारण्याचा वेगळा हंगाम असतो. कोलोरॅडोत त्यासाठी नळी किमान अर्ध्या इंचाची लागते आणि बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. माप कारखान्याकडून परत माणसाकडे यावे, असा त्यामागचा काहीसा हेतू दिसतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. सांबराला आता कोणाच्या नऊ माशांची भीती नसावी.

कळमनुरी तालुक्यातल्या एका वाड्यात आम्ही अशी बंदूक पाहिली. पीकसंरक्षणासाठी आजोबांच्या नावे परवाना होता. ते गेल्याला बरीच वर्षे झाली. खंडेनवमीला ती आढ्यावरून खाली येते, तिला हळदकुंकू लागते आणि ती परत वर जाते. घरातल्या वडीलधाऱ्या गृहस्थांना आम्ही विचारले, की यात दारू किती भरीत? त्यांनी काही न बोलता गज नळीत सोडला आणि त्याच्या बाहेर राहिलेल्या टोकाशी उजव्या हाताची चार बोटे आडवी धरली. मग ती तशीच धरून ते म्हणाले, "पण दारू कोणती, ते आजोबांनाच ठाऊक."